भोवळ, घेरी, अंधारी, झीट... सगळ्याला 'चक्कर'च का म्हणतो आपण?

गेल्या महिन्यात पहाटे साडेपाचला मोबाईलचा अलार्म बंद करायला डाव्या कुशीवर वळले आणि खोलीच फिरायला लागली. अक्षरशः फिरायला लागली, पंखा, कपाट, खिडकी सगळं एकाच दिशेनं गर्रकन निघून जायचं आणि परत पहिल्यापासनं सुरू. कॉटची कड घट्ट धरून डोळे मिटले तर आतनं गरगरायला लागलं. मिनिटभरात थांबलं, पण तेवढ्यात घामानं भिजले, मळमळायला लागलं, आणि जरा बरं वाटतंय म्हणून उठून बसले तर परत तेच. सासूबाई मूळच्या कोरेगावकडच्या, त्या धावत आल्या, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "भवळ आलीया तुला, उठू नगंस. हाय तशी पडून ऱ्हा." मी म्हटलं, अहो आई, चक्कर येतीय. तर म्हणाल्या, "चक्कर न्हवं गं, भवळ."

तेव्हा तो फरक माझ्या कानावरनं गेला. सकाळी इथंच सांगलीत जवळच्या दवाखान्यात गेलो, मी सांगितलं चक्कर येते, त्यांनी बीपी बघितलं, वीकनेस असेल म्हणाले, सलाईन लावलं आणि घरी पाठवलं. तीन दिवस तसेच काढले. कूस बदलली की फिरायचं, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की फिरायचं. रात्री झोपायचीच भीती वाटायला लागली, कारण झोपेत वळलं की जाग यायची ती खोली फिरतानाच. चौथ्या दिवशी मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चक्कर हा शब्द न वापरता सांगा, नेमकं काय होतं?"

मी गप्पच बसले. चाळीस वर्षं मराठी बोलतीय आणि मला दुसरा शब्द आठवेना. मग म्हणाले, मी फिरत नाही, खोली फिरते, डाव्या कुशीवर वळलं की, मिनिटभर, आणि मग थांबतं. बाकी फार काही न विचारता त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान डावीकडं वळवली आणि झटकन मागं आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेच्या जरा खाली. दोन-चार सेकंद काहीच नाही आणि मग जे फिरायला लागलं! ते माझ्या डोळ्यांकडं बघत होते, बुबुळं एका लयीत थरथरत होती असं नवऱ्यानं नंतर सांगितलं. मग तशीच मान एकेका दिशेला वळवत, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबत, कुशीवर घेऊन उठवून बसवलं. आठवड्यानं परत एकदा केलं आणि गेलं सगळं.

कारण त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. आतल्या कानात तोल सांभाळणारा भाग असतो, तिथं कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे एका जागी चिकटून असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हलवल्यावर नळीतला द्रव नको तेवढा हलतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डोळे सांगतात स्थिर आहोत, कान सांगतो फिरतोय. आजाराचं नाव लांबलचक आहे, बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टायगो, डॉक्टर लोक बीपीपीव्ही म्हणतात.

पण माझा विषय शब्दांचा आहे. घरी आल्यावर सासूबाईंची 'भवळ' आठवली आणि वाटलं यांना माहीत होतं की! भोवळ हा शब्द भोवणे, भोवरा, भोवती यांच्याच घरातला, संस्कृत 'भ्रम्' धातूवरनं आलेला, म्हणजे फिरणं त्यात आहेच. आणि इंग्रजीतला व्हर्टायगो पण लॅटिनमधल्या 'वर्टेरे' म्हणजे वळणे, फिरणे यावरनंच आलाय. माझ्या डोक्यात आता अशी वाटणी झालीय: सगळं फिरतंय ती भोवळ, बसल्यावरनं एकदम उठलं की डोळ्यापुढं काळं होतं ती अंधारी, शुद्धच गेली ती झीट, आणि फिरत काही नाही पण पाय एकीकडं पडतात ते तोल जाणं, आमच्याकडं झोक जाणं पण म्हणतात. चार वेगळ्या गोष्टी, डॉक्टरांच्या दृष्टीनं चार वेगळ्या दिशा, आणि आपण चारीला चक्कर म्हणून मोकळे होतो. चक्कर पण 'चक्र'वरनंच आलेला, मूळचा फिरण्याचाच शब्द, वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय. घेरी कुठं बसवायची ते मला ठरवता येत नाही. तुमच्याकडं काय म्हणतात ते सांगा.

सातारकर:
ताई, त्रास गेला हे बरं झालं. पण तुमची वाटणी मला पूर्ण पटत नाही. पेपरात बघा, 'उन्हामुळे भोवळ येऊन कोसळला' असं वर्षानुवर्षं छापून येतं, तिथं काही फिरलेलं नसतं, माणूस बेशुद्ध पडलेला असतो. म्हणजे भोवळ पण चक्करच्याच वाटेनं गेलीय, व्युत्पत्ती फिरण्याची असली तरी वापरात ती झीटच्या जागेवर बसलीय. शब्दाचा अर्थ त्याच्या मुळात शोधून चालत नाही, तो बोलणाऱ्याच्या तोंडात शोधावा लागतो. तुमच्या सासूबाईंच्या तोंडात फरक जिवंत आहे ही मात्र मोठी गोष्ट आहे, त्यांच्याकडनं अजून काढून घ्या.
अजून दोन शब्द यात पाहिजेत. एक 'डोळे फिरणे', उंचावरनं खाली बघितल्यावरचं. ठोसेघरला कठड्यावरनं दरीत डोकावलं की आमची आई म्हणायची माझे डोळे फिरतात, चक्कर येते असं कधीच नाही म्हणाली. आणि दुसरा 'गाडी लागणे'. वाईवरनं पाचगणीला जाताना पसरणी घाटात निम्म्या एस्टीला गाडी लागते, तिथंही कान आणि डोळे यांचं एकमेकांशी जुळत नसतं, कान म्हणतो वळतोय आणि डोळे समोरच्या सीटवर खिळलेले. म्हणून तर खिडकीतनं लांब बघ म्हणतात. इतका नेमका शब्द आपल्याकडं आहे हे मला फार आवडतं.

जतकडचा:
आमच्या भागात निम्मी घरं कानडी बोलतात, तिथं 'तले तिरुगु' म्हणतात, तले म्हणजे डोकं आणि तिरुगु म्हणजे फिरणं. मराठीत तेच शब्दशः बोललं, 'डोकं फिरलंय', की अर्थ एकदम रागाचा नाहीतर वेडाचा होतो. आमची आजी मराठी बोलताना पण 'डोकं फिरायलंय' म्हणायची आणि सांगलीच्या दवाखान्यातली सिस्टर घाबरून बघायची. तिला खरंच गरगरत असायचं.

एक वैद्य:
असाच घोटाळा 'भ्रम' शब्दाचा होतो. आयुर्वेदात भ्रम हे याच लक्षणाचं नाव, चक्रासारखं फिरल्यागत वाटून माणूस जमिनीवर पडतो असं वर्णन आहे, आणि मूर्च्छा त्याच प्रकरणात पण वेगळी सांगितलीय. म्हणजे फिरणं आणि शुद्ध जाणं यांची फारकत जुनीच आहे. पण आजच्या मराठीत भ्रम म्हणजे नसलेलं दिसणं, खोटी समजूत. एका आजींच्या केसपेपरवर मी 'भ्रम' लिहिलं आणि त्यांचा मुलगा संध्याकाळी परत आला, म्हणाला माझी आई खोटं बोलत नाही हो, तिला खरंच त्रास होतोय. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. त्यानंतर मी कागदावर 'गरगरणे' असंच लिहितो.

मिरजेतली फिजिओ:
मी रोज असे पेशंट बघते म्हणून शब्दांबरोबर थोडं कामाचं पण लिहिते. ताईंची झाली ती टेस्ट डिक्स आणि हॉलपाईक या दोघांच्या नावानं आहे, १९५२ सालची, आणि मान वळवून खडे जागेवर आणायची रीत एप्ली यांची. गोळ्यांनी मळमळ कमी होते पण खडे काही जागेवर येत नाहीत. मोबाईलवर व्हिडिओ बघून घरी करू नका प्लीज, कुठला कान आणि कुठली नळी ते आधी कळावं लागतं, आणि मानेचा त्रास असेल तर अजूनच जपून.
एकदम आलं तर जिथं आहात तिथंच खाली बसा नाहीतर आडवे व्हा, डोकं हलवू नका, एका ठिकाणी नजर लावा, भिंतीवरचा खिळा, दाराची कडी, काहीही. बाथरूमला एकट्यानं जाऊ नका, पडून खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं मी खूप बघितलीत. गाडी तर अजिबात चालवू नका. आणि गरगरण्याबरोबर जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले, उभंच राहता येईना किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं तर कूस-बिस बघत बसू नका, ते कानाचं नसून मेंदूचं असू शकतं, लगेच १०८ ला फोन करा.
शब्दांबद्दल माझा अनुभव असा की 'चक्कर येते का' विचारलं की सगळेच हो म्हणतात. 'घर फिरतंय का तुम्ही?' असं विचारलं की माणूस थांबून विचार करतो आणि बरोबर उत्तर देतो.

मूळ लेखिका:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सातारकर दादा, तुमचं पेपराचं उदाहरण बरोबर आहे, माझी वाटणी सगळ्या मराठीची नाही हे मान्य. पण वापरात मिसळून गेलेला शब्द परत नेमका वापरायला लागलो तर बिघडलं कुठं? माझे तीन दिवस वाचले असते.
काल सासूबाईंना जवळ बसवून एकेक विचारलं. भवळ कधी म्हणता? तर म्हणाल्या, "भुई फिरती तवा." अंधारी? "भुई दिसत न्हाई तवा. वैशाखात उपाशी भांगलाय बसलं आन उठलं की यायची, गुळाचा खडा खाल्ला की जायची." झीट त्या माणूस पडून दातखीळ बसली तरच म्हणतात. घेरी हा शब्द त्यांनी ऐकलाय पण बोलत नाहीत, पुस्तकात असतोय म्हणाल्या. आणि एक नवीनच दिला, 'भवंड', म्हणजे लहानपणी पोरी हात धरून फुगडी खेळून थांबल्या की उभ्या उभ्या जे फिरतं ते. त्याला त्या आजार म्हणायला तयार नाहीत. खटाव-माण भागात भवंड किंवा घेरी अजून कुणाच्या बोलण्यात असेल तर नक्की लिहा, मी वहीत उतरवून ठेवतीय.