सल्ला हवा: डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीला तबला, पेटी की गाणं?

नाशिकची_आई
लेक ७ वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम आहे. स्पीच थेरपी चालू आहे, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलते. आरती सुरू झाली की टाळ घेऊन बसते ती संपेपर्यंत हलत नाही, म्हणून तिला संगीत शिकवावं असं फार वाटतंय. एका क्लासने "अशी मुलं घेत नाही" म्हणून परत पाठवलं. कुठून सुरुवात करू? बोलण्यात फरक पडेल का?

तबलजीचा_बाबा
ताई, क्लास शोधायच्या आधी कान तपासून घ्या. आपल्या मुलांच्या मधल्या कानात चिकट पाणी साठण्याचं प्रमाण बरंच असतं. सर्दी झाली की ऐकू कमी येतं, ती गेली की परत बरं. शिकवणाऱ्याला वाटतं मूल लक्ष देत नाही. ऑडिओमेट्रीबरोबर (किती ऐकू येतं ते बघणारी चाचणी) टिंपॅनोमेट्रीही (कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणारी चाचणी) करा, आणि दर वर्षी करा.

आमचा मुलगा तबला शिकतो. स्नायू सैल आणि बोटं आखूड, त्यामुळे तबल्याचा 'ना' हा बोल वाजवताना अनामिका टेकवून ठेवायची आणि तर्जनीने काठावर मारायचं, हे त्याला फार जड गेलं. डग्ग्यावर (डाव्या हाताचा मोठा तबला) उघड्या पंजाचा 'क' मात्र लगेच जमला. म्हणून सरांनी आधी डफली दिली, तबला बराच नंतर. मांडी घातली की त्याची पाठ गोल व्हायची. आता पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची आणि तबला समोर स्टुलावर. परंपरेत बसत नाही, पण हात मोकळे झाले.

सर्वांत महत्त्वाचं, या मुलांची ऐकून लक्षात ठेवायची ताकद कमी, पाहून लक्षात ठेवायची त्या मानाने चांगली. नुसते बोल सांगून भागत नाही. सर समोर बसतात, केहरवा तालाच्या ८ मात्रांचे ८ चौकोन कागदावर काढलेत, पहिल्यावर टाळी, पाचव्यावर खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. तो बोट ठेवत म्हणतो आणि मग वाजवतो. वेळ लागतो, पण बसलेला ठेका विसरत नाही.

स्पीच_थेरपिस्ट_कोल्हापूर
गाण्याने बोलणं सुधारेलच असं मी कोणत्याही पालकांना सांगत नाही, तेवढा भक्कम पुरावा नाही. पण शब्दाचे तुकडे ऐकू येण्यासाठी टाळीचा उपयोग होतो. 'केळं' म्हणताना दोन टाळ्या, 'टोमॅटो'ला तीन. ओळखीच्या गाण्यात ओळीचा शेवटचा शब्द गाळा आणि थांबा. खरंच थांबा, मनात दहा अंक मोजा. प्रतिसाद द्यायला तिला वेळ लागतो आणि आपण घाईने शब्द भरून टाकतो. नुसता 'आ' निघाला तरी ती तिची पाळी झाली.

पेटी आवडत असेल तर भाता तुम्ही मारा, पट्ट्या तिला दाबू द्या. दोन हातांची दोन कामं एकदम नकोत.

पथकवाली_मावशी
लेझीम किंवा ढोल पथकात नेणार असाल तर आधी डॉक्टरांना मानेबद्दल विचारा. काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, झटके चालत नाहीत. चाल बदलली, हात दुबळा वाटला, मान वाकडी धरायला लागली, तर सगळं थांबवून लगेच दाखवा.

आणि त्या क्लासचं मनावर घेऊ नका. अमेरिकेतले सुजीत देसाई डाउन सिंड्रोम असलेले वादक आहेत, क्लॅरिनेट, व्हायोलिन, पियानो सगळं वाजवतात.

नाशिकची_आई
खूप आभार. कानाची वेळ घेते. गुरू कसे ओळखायचे?

तबलजीचा_बाबा
एक तास नुसतं बसून बघा. सर तुमच्याशी बोलतात की तिच्याशी, हे बघा. तिने चुकीचा ठोका दिला की हात धरून दुरुस्त करतात, की स्वतः पुन्हा वाजवून दाखवतात? वाजवून दाखवणारे हवेत. संगीताच्या प्रारंभिक (पहिल्या) परीक्षेचा विषय पहिल्याच दिवशी काढणारे नकोत. २० मिनिटांचा वर्ग, आठवड्यातून दोनदा, एवढं मागा. तासभर एकदाच बसवण्यापेक्षा आम्हाला हे लाभलं.