मदत हवी आहे: थंडीत जुनी डिझेल गाडी सकाळी सुरूच होत नाही

मंडळी, गाडी १७ वर्षांची. थंडी पडली की सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो, मग खोकत, पांढरा धूर ओकत सुरू होते. तापल्यावर दिवसभर काही तक्रार नाही. बॅटरी नवी, सेल्फ जोरात फिरतो. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारे छोटे हीटर) मल्टिमीटरने तपासले: तीन १ ओहमच्या आत म्हणजे ठीक, चौथा मेलेला. पण एका प्लगमुळे एवढा त्रास? डिझेल फिल्टरवरचा हातपंप (लाइनमध्ये डिझेल भरायचा) सकाळी पोकळ लागतो, दहा-बारा वेळा दाबल्यावर कडक होतो. म्हणजे रात्रीत डिझेल टाकीकडे उतरून लाइनमध्ये हवा शिरते का? मेकॅनिक थेट फ्युएल पंप उतरवू म्हणतोय (त्याला घाई, मला धास्ती). चारही प्लग बदलू, की आधी नळ्या आणि फिल्टरचं सील बघू? इथरचा स्प्रे (इंजिन चटकन पेटावं म्हणून हवेच्या वाटेत मारतात तो) सुचवू नका, तापलेल्या प्लगवर तो भडकतो.