१७५२ साली ब्रिटनने अकरा दिवस गाळले, तेव्हा खरोखर दंगली झाल्या होत्या का?

प्रश्न:
ब्रिटनमध्ये १७५२ साली बुधवार, २ सप्टेंबरनंतर थेट गुरुवार, १४ सप्टेंबर उजाडला. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ अशी मागणी करत लोकांनी दंगली केल्या, असे अनेक ठिकाणी वाचले. त्याला समकालीन पुरावा आहे का? शिवाय पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ सालीच सुधारलेली कालगणना स्वीकारायला ब्रिटनने १७० वर्षे का लावली?

प्रतिसाद १:
अशा दंगलींचा भरवशाचा समकालीन पुरावा मिळत नाही. या समजाचे मूळ चित्रकार विल्यम होगार्थ यांच्या १७५४ च्या ऑक्सफर्डशायर निवडणुकीवरील उपहासचित्रात आहे. त्यात जमिनीवर पडलेल्या एका फलकावर ही घोषणा दिसते. तेथील व्हिग या राजकीय पक्षाच्या उमेदवारांपैकी एकाचे वडील, लॉर्ड मॅकल्सफील्ड, हे खगोलशास्त्रज्ञ होते आणि कालगणना बदलण्याच्या कायद्याचे मोठे पुरस्कर्ते होते, त्यामुळे विरोधकांच्या हाती हा मुद्दा आयताच आला. प्रचारातला हा टोला पुढे काही इतिहासलेखकांनी घडलेली घटना म्हणून नोंदवला, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यामुळे त्या काळातील सामान्य माणूस विनाकारण अडाणी ठरला. प्रत्यक्षात भाडी आणि करारांची देणी अकरा दिवस आधी वसूल होऊ नयेत, याची तरतूद कायद्यातच होती. ब्रिटनचे करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते, त्याचे मूळ याच बदलात आहे.

प्रतिसाद २:
विलंबाचे कारण प्रामुख्याने धार्मिक होते. पहिल्या एलिझाबेथच्या काळात गणिती जॉन डी यांनी सुधारणेला अनुकूल मत दिले होते, परंतु पोपचा निर्णय मान्य करणे बिशपांना रुचले नाही. स्वीडनची कथा तर याहून विलक्षण आहे. तेथे १७०० पासून चाळीस वर्षे लीप दिवस गाळत हळूहळू नव्या गणनेकडे जायचे ठरले, पण १७०० चा दिवस गाळल्यानंतर १७०४ आणि १७०८ मध्ये ते राहूनच गेले. अखेर जुन्या गणनेकडे परतण्यासाठी १७१२ मध्ये चक्क ३० फेब्रुवारी पाळावा लागला आणि खरा बदल १७५३ साली झाला.

प्रतिसाद ३:
एक भर घालतो. याच कायद्याने इंग्लंडचे नववर्ष २५ मार्चऐवजी १ जानेवारीला आणले, म्हणून तेथे १७५१ हे वर्ष अवघ्या २८२ दिवसांचे झाले. स्कॉटलंडने मात्र हा बदल १६०० सालीच केला होता. जुनी कागदपत्रे वाचताना हे ध्यानात ठेवावेच लागते: पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ रोजी झाला असे म्हणतो, पण त्या वेळच्या इंग्रजी नोंदींत ते साल १६४८ आहे.