मदत हवी आहे: दारं-खिडक्या बंद, तरी घरात धूर

तांबडी_माती
इथे गोव्यात डोंगर पेटलाय तेव्हापासून घरात जळका वास कोंडून राहिलाय. दारं-खिडक्या लावून घेतो तरी पहाटे घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. अ‍ॅपवर मात्र हवा 'समाधानकारक', आकडा 72. मग हा खोकला कशाचा? एअर प्युरिफायर घ्यायचा का, घ्यायचा तर कुठला, की एसीवर भागेल? उद्या सकाळी घरचं माणूस म्हापशाला जातंय, आणायचं तर उद्याच. 'झाडं लावा' छापाचे सल्ले कृपया नकोत.

कुळागरकर
कुठला डोंगर? सत्तरीतला की काणकोणातला? खोकला कुणाला? घर कसलं? काहीच न सांगता कुठला प्युरिफायर म्हणून विचारलंत तर कोण काय सांगणार?

गॅजेट_पर्वरी
डोळे झाकून हेपावाला, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा घ्या. डब्यावर 'हेपा टाइप' लिहिलंय की नुसतं 'हेपा', ते बघून घ्या, दोन्ही एक नव्हेत. आयोनायझर किंवा ओझोनचं बटण असेल तर ते बंदच ठेवा, ओझोनने श्वासनलिका आणखी चिडते. मुख्य बघायचा तो सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती हवा स्वच्छ करून देतं. 120 चौरस फुटांची खोली असेल तर धुरासाठी ताशी 200 घनमीटरच्या आसपास हवा. आम्ही रस्त्याच्या कामाच्या धुळीला कंटाळून दोन घेतले, हॉलला एक, बेडरूमला एक. एकदम मस्त.

आजीचा_बटवा
ताई, मशिनीच्या नादी लागू नका. तिन्हीसांजेला कापूर आणि ओव्याची धुरी फिरवा, हवा शुद्ध होते. जेवणानंतर गुळाचा खडा, म्हणजे छातीतला धूर उतरतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय.

फोंडा_फार्मसी
धुरावर धुरी! कापूर काय, उदबत्ती काय, जळलं की त्यातूनही तेच बारीक कण निघतात. लाकडाच्या धुरात त्रास देतात ते मुख्यतः 2.5 मायक्रॉनहून लहान कण. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. ते नाकातल्या केसात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, त्यातले काही रक्तात उतरतात. गूळ उतरतो अन्ननलिकेत. त्याची आणि फुप्फुसाची गाठच पडत नाही.

आजीचा_बटवा
सगळं ज्ञान काउंटरमागेच असतं असं नाही हो.

तांबडी_माती
सासूबाई नेमकं हेच करतायत. जळका वास जावा म्हणून रोज संध्याकाळी धूप. मी काही बोलले की घरात वेगळाच धूर निघेल. @कुळागरकर, आम्ही सत्तरीत, वाळपयच्या पुढे, गाव सांगत नाही. खोकला सासऱ्यांना. आता प्युरिफायरचं सांगा.

फोंडा_फार्मसी
वय काय? दमा, सीओपीडी (बिडी-धुराने होणारं फुप्फुसाचं जुनाट दुखणं), हृदयाचं काही? औषधं कुठली?

तांबडी_माती
74. बिडी सोडून बरीच वर्षं झाली. छातीचं दुखणं जुनंच, दोन पंप आहेत, एक निळा, धाप लागली की घ्यायचा. बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन 91 दाखवतं.

कुळागरकर
आणि हे आत्ता सांगताय! पहिल्या पोस्टमध्ये अ‍ॅपचा आकडा आला, सासरे नाही आले.

डिचोली_एक्सप्रेस
91?? ताबडतोब 108 ला फोन करा. 95 च्या खाली गेलं की धोका, हे कोविडात पोराटोरांनाही पाठ झालंय. गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेजला) न्या, बाकी चर्चा नंतर.

फोंडा_फार्मसी
कोविडातला नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजन द्यायचा झाला तर डॉक्टर बहुधा 88 ते 92 च्या दरम्यान ठेवायला बघतात. त्यामुळे आग लागायच्या आधी यांचा रोजचा आकडा काय होता ते आधी कळायला हवं. 96 चा 91 झाला असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. नेहमीच 91-92 असेल तर फोन करून विचारा, घाबरू नका. पण एका दमात वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत असेल किंवा निळ्या पंपाने आराम पडत नसेल, तर आकडा न बघता 108. दुसरा पंप, जो रोज घ्यायचा असतो, तो 'बरं वाटतंय' म्हणून थांबवलेला तर नाही ना? आमच्याकडे दर दोन गिऱ्हाइकांतल्या एकाने थांबवलेला असतो.

तांबडी_माती
पूर्वी 93-94 असायचा. रोजचा पंप संपलाय, उद्या आणणार होतो. ह्यांचा मात्र 99, तरी डोकं दुखतंय म्हणतात.

फोंडा_फार्मसी
ह्यांचा म्हणजे तुमच्या यजमानांचा? त्यांचा इथे काय संबंध?

तांबडी_माती
वाड्यावरची सगळी माणसं जातात ना विझवायला. काल रात्रभर हेही डोंगरावर. ओल्या फांद्यांनी झोडपून विझवतात, तोंडाला ओला रुमाल.

फोंडा_फार्मसी
ताई, ही धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आणि ती तुम्ही शेवटी लिहिलीत. आगीच्या अगदी जवळ कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटला की बोटावरचं साधं यंत्र त्यालाही ऑक्सिजनच समजतं आणि 99 दाखवतं. म्हणून डोकेदुखी, मळमळ, गरगरणं असेल तर त्या 99 वर विश्वास ठेवू नका, आरोग्य केंद्रात नेऊन दाखवा. ओल्या रुमालाने राख अडते, बारीक कण अडत नाहीत. एन95 कण अडवतो, पण वायू त्यालाही अडत नाही. शिवाय दाढी असेल तर कडेने सगळं आत. सासऱ्यांना मास्क लावायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्यातून श्वास ओढायला जोर लागतो.

हुर्राकप्रेमी
आग लावतं कोण ते बोला की. काजूच्या बागायतीत बी वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पालापाचोळा जाळतात, वारा सुटला की ते जातं डोंगरावर. मग सगळे मिळून सरकारच्या नावाने बोंबलायचं.

सुर्लाचा_वारा
सगळा दोष बागायतदाराच्या डोक्यावर मारायला बरं पडतं. आम्ही पाला एका बाजूला ओढून, पाणी जवळ ठेवून, सकाळी वारा नसताना जाळतो. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्य पेटलं, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्या भरभरून पाणी ओतत होती, तेव्हाही बोट आमच्याकडेच. शिकारी, विडीकाडी टाकणारे, जमिनीवर डोळा असलेले, यांचं नाव कुणी घेत नाही.

हुर्राकप्रेमी
नाव घेत नाही कारण माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर वनखात्याला सांगा. आपल्याकडे मार्चात विजा कोसळून जंगल पेटत नाही, माणूसच पेटवतो, एवढं नक्की.

कुळागरकर
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा बघू. बाईंचे सासरे खोकतायत.

आकडेमोड
72 चं कोडं सुटायचं बाकी आहे. अ‍ॅपमध्ये हवा मोजणारं केंद्र कुठलं दिसतंय?

तांबडी_माती
पणजी.

आकडेमोड
झालं तर. पणजी कुठे, तुमचं घर कुठे! पणजीला समुद्राचा वारा, तुमच्याकडे डोंगराच्या मधली खोलगट जागा. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, वर गरम हवेचं झाकण बसतं आणि धूर त्याखाली अडकतो. म्हणून पहाटे सगळ्यात वाईट, ऊन चढलं की मोकळं. दुसरी गोष्ट, आपल्याकडचा हवेचा निर्देशांक, म्हणजे तुमचा तो 72, 24 तासांच्या सरासरीवर काढतात. पहाटेचे चार तास भयंकर आणि बाकी दिवस बरा असेल तर सरासरी सभ्यच दिसणार. तिसरी, अ‍ॅपनुसार मोजपट्टी बदलते. हवेत बारीक कण घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम असले तर भारतीय पट्टीवर साधारण 83, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकन पट्टीवर तीच हवा 137, 'संवेदनशील लोकांना अपायकारक'. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची चोवीस तासांची मर्यादा आहे 15 मायक्रोग्रॅम, आपली 60. त्यामुळे मोबाइल बाजूला ठेवा. समोरचा डोंगर धूसर दिसतोय आणि नाकाला वास येतोय, तेवढा पुरावा पुरे.

टोरोंटोचे_नाना
नमस्कार. मूळचा साखळीचा. 2023 च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कपर्यंत गेला, आकाश नारिंगी झालं, ते दिवस आम्ही इथे काढलेत. सगळं घर वाचवायला जाऊ नका, एकच खोली 'स्वच्छ खोली' करा. फटींना टेप, प्युरिफायर चोवीस तास, आत तळण नाही, मेणबत्ती नाही, झाडू नाही. सेंट्रल एसीच्या डक्टमध्ये मर्व्ह 13 फिल्टर (बारीक कण अडवणाऱ्या दर्जाचा) टाका.

तांबडी_माती
नाना, कसलं सेंट्रल एसी, आमचं घर कौलारू आहे. सिलिंग नाही. झोपलं की वर कौलांतून उजेड दिसतो.

कुळागरकर
मी म्हटलं होतं, घर कसलं ते सांगा! खिडक्या बंद करून काय होणार, वरून सगळं उघडं. कौलाखाली प्युरिफायर लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. स्लॅबची एखादी खोली आहे का? हल्ली मागे न्हाणीघराला लागून बांधतात तशी?

तांबडी_माती
आहे एक. काजूच्या बियांची पोती रचलीत तिथे. विंडो एसी पण तिथेच, दीर मुंबईहून येतो तेव्हाच लावतात.

गॅजेट_पर्वरी
बघा, एसी निघाला शेवटी!

कुळागरकर
पोती आजच पडवीत काढा. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर पोत्यांची धूळ सासऱ्यांच्या छातीत. त्यांची खाट आत. दाराखालच्या फटीला जुनी चादर दाबून बसवा. विंडो एसीला समोरच्या पट्टीच्या आत एक छोटा खटका असतो, बाहेरची हवा आत घ्यायचा. तो बंद आहे ना ते बघा, नाहीतर एसी धूरच थंड करून देईल. एसीची जाळी धुवा, पण तिच्याने बारीक कण अडतात या भ्रमात राहू नका, ते काम प्युरिफायरचं. स्लॅबची एक खोली असेल तर एक मध्यम मशीन पुरे. दुपारी बाहेर मोकळं दिसलं की तासभर खिडकी उघडा, लागलीच लावा. आणि बंद खोलीत शेगडी किंवा धूप अजिबात नाही.

गॅजेट_पर्वरी
बजेट नसेल तर टेबल फॅनच्या मागे हेपाची शीट बांधून चालतं. मित्राने केलंय.

आकडेमोड
चालतं, पण मोटर तापते. रात्री सगळे झोपलेले असताना नको. घरात आधीच एका आगीचा त्रास आहे.

तांबडी_माती
खटका सापडला, उघडाच होता. ह्यांना आत्ताच दीर आरोग्य केंद्रात घेऊन गेलाय, तो काल रात्रीच आलाय. सासऱ्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, रोजचा पंप आजच चालू करायला सांगितलाय, उद्या दाखवायला बोलावलंय. पंप वाळपयला मिळाला. प्युरिफायर उद्या येईल. एकच अडचण, सासूबाई म्हणतात देवाकडे धूप नाही तर दिवा तरी हवाच.

फोंडा_फार्मसी
दिवा देवाच्या खोलीत, सासरे स्लॅबच्या खोलीत, दार बंद. एवढं जमेल की. पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळकांडी) लावून द्या, या वयात नुसत्या पंपातलं अर्धं औषध घशातच बसतं. आणि घेऊन झालं की चूळ भरायला लावा.

आजीचा_बटवा
तुपाचा दिवा लावा.

सुर्लाचा_वारा
यजमानांना आज रात्री पाठवू नका. आमच्या वाड्यावरची पोरं येतायत, निरोप द्या कुठे जमायचं ते.

हुर्राकप्रेमी
मीही येतो. आणि ताई, पोती बाहेर काढलीच आहेत तर यंदा बियांना काय भाव मिळतोय तुमच्याकडे?

मडगावची_सुगरण
फक्त शीर्षक वाचलं. घरात धूर होत असेल तर किचनला चिमणी बसवा, 1200 सक्शनची घ्या, त्याहून कमी नको. फिल्टरलेस घ्याल तर धुवायचा ताप नाही. आमच्याकडे मासे तळले तरी शेजारणीला कळत नाही.