उष्टावणानंतर रोज काय द्यायचं? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-३०४: नमस्कार. बाळाला सहा महिने होत आलेत, पुढच्या रविवारी उष्टावण आहे. त्यानंतर रोज काय द्यायचं? सासूबाई म्हणतात, पहिला महिना नुसतं डाळीचं पाणी आणि पेज.

ए-१०२ (निवृत्त मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका): अगं, नुसतं पाणी नको. बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्यानंच भरतं आणि अंगी काहीच लागत नाही. मऊ भात-वरण हातानं छान कुस्कर, वर थोडं साजूक तूप. चमचा तिरका केला तरी घास ओघळून जाता कामा नये, इतकं घट्ट हवं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. अंगावरचं दूध चालूच ठेव, दोन वर्षं आणि पुढेही.

बी-४०३: आमची मुलं डाळीच्या पाण्यावरच वाढली हो ताई.

ए-१०२: काकू, तुमच्या हातची मुलं गुणी निघाली, त्यात शंका नाही. पण बाळ जन्मताना लोहाचा जो साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधातून तेवढं मिळत नाही. डाळ पातेल्याच्या तळाशी राहते आणि आपण वरचं पाणी पाजतो. तीच डाळ घोटून द्या, एवढंच म्हणते.

सी-५०१: मिक्सरमधून काढलं तर?

ए-१०२: हातानंच कुस्कर. अगदी गुळगुळीत खायची सवय लागली की पुढे चावायला कंटाळतात. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षाचं झालं की आपल्यातलंच जेवण, तिखट कमी करून.

डी-२०१: अंडं? आणि मध?

ए-१०२: अंडं सहा महिन्यांनंतर चालतं, पूर्ण उकडलेलं, कुस्करून. मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नाही, उष्टावणाला बोटभरही नाही. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. वर्षभर मीठ आणि दोन वर्षं साखर टाळा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात.

सी-५०१: माझा मुलगा मोबाइल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही.

ए-१०२: बंद कर बाई. दोन दिवस रडेल. तोंड फिरवलं की थांबायचं, कोंबायचं नाही. शनिवारी ४ वाजता क्लबहाऊसमध्ये या, करूनच दाखवते. आज्यांनाही आणा.

बी-३०४: सासूबाईंना घेऊन येते. कुकरमधला वरणभात आणू का?

ए-१०२: आण, बिनमिठाचा.