कयाकसाठी इंजिनिअरिंगचं एक वर्ष सोडावं का? आमच्या घरात दोन तट पडलेत

शुक्रवार_पेठ:
भाचीचा विषय आहे, म्हणून सगळं मोकळेपणानं लिहितोय. पोरगी वीस वर्षांची, सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला. पाठीला डबा बांधून पंचगंगेच्या घाटावर मीच तिला पोहायला शिकवलं. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत बोट आली, तेव्हा लोक सामान काढत होते आणि ही वल्हं मारणाऱ्याच्या हातांकडं बघत उभी होती. तिथनं जे वेड लागलं ते कयाक स्लॅलमपर्यंत गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कयाक म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी. खवळलेल्या पाण्यावर टांगलेल्या काठ्यांच्या जोडीला गेट म्हणतात, अशा १८ ते २५ गेटांमधून ती काढायची. हिरव्या गेटातून प्रवाहाबरोबर उतरायचं, लाल गेटातून प्रवाहाविरुद्ध वर चढायचं. काठीला नुसतं अंग लागलं तरी २ सेकंद दंड, गेट चुकलं तर ५०. शर्यतच दीड-पावणेदोन मिनिटांची, म्हणजे एक गेट चुकलं की खेळ संपला.

आता अडचण. कोल्हापुरात तसलं पाणी नाही. पावसाळ्यानंतर राजाराम बंधाऱ्याला बरगे घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तिथं ती पहाटे वल्हवते. पण ते सपाट पाणी. खरा सराव कोलाडला कुंडलिकेवर, आणि ती नदी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं तरच धावते. पाणी येतं सकाळी. शनिवारी रात्रभर प्रवास करायचा, रविवारी दोन-तीन तास पाणी मिळणार, सोमवारी पुन्हा वर्गात. त्याहून मोठं पाणी हवं तर थेट महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेवर. २०२३ ला खेलो इंडियाची स्लॅलम तिथंच झाली होती.

गेल्या सेमिस्टरला निवड चाचणी आणि प्रॅक्टिकल एकाच दिवशी आलं. पत्र दिलं, अर्ज दिला, तीन टेबलं फिरलो. शेवटी ती चाचणीला गेली आणि मार्कांच्या जागी शून्य आलं.

माझं मत असं की तिनं एक वर्ष कॉलेज सोडावं आणि कोलाडला राहावं. पाण्याची जाण याच वयात अंगात मुरते. ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सनं १८ व्या वर्षी लंडन ऑलिंपिकला रौप्य काढलं. डिग्री पंचविशीतही मिळेल. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. त्याच गावात आज एका प्रॅक्टिकलची तारीख पुढं सरकत नाही, याचं वाईट वाटतं.

तालमीचा_पोरगा:
मामा, तुमची माया कळत्या, पण वर्ष सोडायला लावू नका. माझे वडील पैलवान. वीस वर्षं तालमीत काढली. खुराकासाठी आज्ज्यानं दीड एकर रान विकलं. गुडघा गेला तेव्हा वय चौतीस आणि शिक्षण सातवी. पुढं कारखान्यावर हंगामी वॉचमन. अजून कुणी 'पैलवान' म्हणून हाक मारली की ते मान खाली घालून निघून जातात. हे मी रोज बघितलंय.

कुस्तीला निदान इथं मैदान आहे, बघणारी माणसं आहेत, इनाम आहे. तुमच्या खेळाला इथं पाणीच नाही, तुम्हीच म्हणताय. आणि एक वर्ष म्हणून सोडलेलं कॉलेज एका वर्षात परत धरलेलं मी तरी कुणाचं बघितलं नाही. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधलं, पण १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या आधी काढलं. आधी पोरांना शिकायला छप्पर दिलं. हा क्रम विसरू नका.

कोलाड_दोन_हंगाम:
दादा, वडिलांचं वाचून गलबलून आलं. तरी मी मामांच्या बाजूनं आहे, कारण मी दोन्ही दगडांवर पाय ठेवून बघितलेत.

मी बीएस्सी करत दोन हंगाम कयाक केलं. उलटलेल्या कयाकमध्ये डोकं खाली, नाकात पाणी शिरतंय, कानात नुसता गडगडाट, आणि त्यातच पॅडल पाण्यावर लावून कंबरेच्या झटक्यानं सरळ व्हायचं. याला रोल म्हणतात. सपाट पाण्यात शंभरदा जमलेला रोल धावत्या पाण्यात पहिल्या दिवशी जमत नाही. तो तिथंच, रोज पडून शिकावा लागतो. पंधरा दिवसांतून एक रविवार गेलं की मागचं विसरलेलं परत शिकण्यातच दिवस जायचा. माझा रोल कच्चा राहिला, खांदा निखळला, आणि केमिस्ट्रीत एटीकेटी लागली. दोन्हीकडं अर्धीच राहिले. एकच वर्ष पूर्ण पाण्याला दिलं असतं तर निदान कळलं असतं की माझ्यात आहे का नाही. ते न कळणं फार सलतं.

खडू_आणि_फळा:
मी इंजिनिअरिंगला शिकवतो. माझं मत दोघांनाही आवडणार नाही.

७५ टक्के हजेरीचा नियम कुणाला छळायला केलेला नाही. सर्व्हेची प्रॅक्टिकल चुकवलेल्या मुलाला उद्या रस्त्याची लेव्हल काढायची असते. माझ्या वर्गात भल्या पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून कागल-मुरगूडहून एसटीनं येणारी पोरं आहेत. त्यांनाही कुणी तारीख बदलून देत नाही. खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. मार्कांचा प्रश्नच त्यात नव्हता.

आणि मामा, त्याच जेसिका फॉक्सनं २०२४ ला पॅरिसला कयाक आणि कनू (एका पात्याच्या वल्ह्यानं चालवायची होडी) दोन्हींत सुवर्ण मिळवलं तेव्हा ती तीस वर्षांची होती. या खेळात तिशीतली माणसं जिंकतात. मग विसाव्या वर्षी एवढी घाई कशाला?

वर्ष सोडू नका, पसरा. आता अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचं श्रेय, जमा राहतं. चार वर्षांची डिग्री पाचात करायची सोय कॉलेजकडं मागा. मात्र लेखी मागा, आणि सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पत्र घेऊन आलात तर माझेही हात बांधलेले असतात.

कोलाड_दोन_हंगाम:
सर, निवड चाचणीची तारीखच आधी कळत नाही. सेमिस्टरच्या आधी काय लिहून देणार? आणि एसटीनं येणाऱ्या पोरांनाही सवलत मिळायला पाहिजे. त्यांना मिळत नाही म्हणून हिलाही नको, हे मला पटत नाही.

शुक्रवार_पेठ:
धागा भाचीला वाचायला दिला. तिनं टाइप केलंय ते जसंच्या तसं टाकतो.

"मामा, मला वर्ष सोडायचं नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर हायड्रॉलिक जंप काढला. जोरात आलेलं उथळ पाणी एकदम उसळून संथ होतं ती जागा. मी त्याच्यात बसून आलेय. बंधाऱ्याच्या खाली पाणी उलटं का फिरतं आणि माणसाला परत आत का ओढतं, ते त्या दिवशी मला आकड्यांत कळलं. तेव्हापासून एडीत, म्हणजे खडकामागं उलट फिरणाऱ्या पाण्यात, शिरताना कयाक किती तिरकी धरायची याचा मी वेगळा विचार करते. कॉलेज सोडलं तर हे कुठं मिळणार? मला सूट नको. ज्या दिवशी मी पाण्यात असेन त्या दिवशीचं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करू द्या, एवढंच. आणि तालमीच्या दादांना सांग, खांद्याचा व्यायाम मी चुकवत नाही."

तालमीचा_पोरगा:
ताई, वाचलं. वडिलांनाही वाचून दाखवलं. माझं मत तेच आहे, परीक्षा आधी. वडील मात्र म्हणाले, तिला म्हणावं खांद्यासाठी जोर-बैठकांबरोबर गदा फिरवायला शीक, आम्ही दाखवतो. मामा, रविवारी सकाळी तिला घेऊन तालमीत या. कोलाडची खेप नसेल तेव्हा.

खडू_आणि_फळा:
दुसऱ्या बॅचबरोबर प्रॅक्टिकल हे विभागप्रमुखांच्या सहीनं होण्यासारखं काम आहे. त्याला विद्यापीठापर्यंत जायची गरज पडू नये. अर्जात सूट हा शब्द कुठंही लिहू नका. पाच वर्षांच्या बाबतीत मी अजून ठाम आहे.