आधी अंगठा बसवा

हवाईयन स्लॅक-की गिटार (तारा सैल करून वाजवायची शैली) वाजवताना टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते दाखवणारं लेखन) बघून सूर बरोबर लागतात, पण वादन कोरडं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते अडचण अंगठ्यात आहे. गिटार टारो पॅच या ट्यूनिंगमध्ये लावा (सहावी आणि पहिली तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी) आणि आठवडाभर नुसता अंगठा चालवा: पाचवी, चौथी, पाचवी, चौथी. धून विसराच. कुणाशी बोलतानाही लय तुटेनाशी झाली, की मग वरच्या सुरांच्या तारा.

पुढे तिसरी तार जी वरून एफ शार्पवर उतरवून बघा. हे वाहिने ट्यूनिंग. ती मोकळी छेडून लगेच पहिल्या फ्रेटवर बोट आपटलं, की सूर अलगद जी मध्ये विरघळतो. खरा जीव तिथे आहे! आणि स्लॅक-की वादक गॅबी पहिनुई रोज ऐका, गिटार बाजूला ठेवून.